दोन आणे पट्टी ते नांदेड-४४ : कारखानदार, विद्यापीठ आणि आपला कापूस

कारखानदार आणि विद्यापीठ यांनी एकत्र येऊन काम करावे, त्यातून देशाचा शाश्वत विकास साधावा, असे विचार आज वरचेवर कानांवर पडतात. मोठमोठ्या कंपन्या विद्यापीठांशी सामंजस्य करार करतात, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, आणि वाचणाऱ्यास वाटते की ही काही अगदी नवी, मुंबई-पुण्याकडची गोष्ट असावी. वस्तुतः आपल्या नांदेड-परभणीच्या मातीत या गोष्टीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास कापसाचा आहे. कंधारच्या ज्या घरांतून आमचे विद्यार्थी शाळेत येतात, त्यांपैकी कितीतरी घरांचा चरितार्थ या ना त्या प्रकारे याच पिकावर चालत आला आहे. कोणी पऱ्हाटी लावली, कोणी वेचणीस गेले, कोणी जिनिंगमध्ये राबले, कोणी मोंढ्यात हमाली अथवा अडत केली. म्हणून हा विषय मुलामुलींनी आणि पालकांनी समजून घ्यावा या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शाश्वत या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता सोपा करून घेऊ. जमिनीचा कस टिकावा, शेतकरी कर्जात बुडू नये, आणि जे बियाणे आज हाती आहे ते किंवा त्याहून चांगले उद्या मुलांच्या हाती राहावे. इतके झाले तर शेती शाश्वत झाली असे म्हणावयास हरकत नाही. हा अर्थ ध्यानात ठेवून इतिहासाकडे पाहिले म्हणजे प्रत्येक कराराविषयी तीन प्रश्न विचारता येतात. पैसा कोणी दिला? काम कोणी केले? आणि मूळ बी कोणाच्या कोठीत राहिले? यांतला तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही, आणि सर्वात महत्त्वाचा तोच आहे.

बालाघाटच्या डोंगररांगांवरील आपली जमीन बहुतांशी हलकी, मुरमाड. मन्याडच्या काठाने काळी जमीन लागते, पण तीही पावसावर अवलंबून. अशा जमिनीत पिढ्यान् पिढ्या गावरानी कापूस होत असे. हा देशी कापूस, वनस्पतिशास्त्रात ज्याला आर्बोरियम म्हणतात त्या जातीचा. त्याचे सोटमूळ खोल जाते, पावसाने ताण दिला तरी झाड तग धरते, आणि किडीला ते सहसा बळी पडत नाही. शिवाय देशी कापसांमध्ये गावरानीचा धागा बारीक व लांब म्हणून मुंबईच्या बाजारात त्याला मान होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा रेल्वेमार्ग झाला, नांदेड मुंबईच्या बाजाराशी जोडले गेले, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पुढे मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत नांदेडला उस्मानशाही मिल निघाली आणि तिच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ चालू लागले.

रेल्वेबरोबर भाव आला, तशी भेसळही आली. चांगल्या मुलखातल्या कापसात बाहेरचा हलका कापूस मिसळून तो चांगल्या नावाने विकणे हा धंदाच होऊन बसला. ही भेसळ केवळ गिऱ्हाइकाची फसवणूक होती असे नव्हे. जिनिंगमध्ये दोन्ही कापूस एकत्र वटले गेले की सरकीही एकत्र होते, आणि तीच सरकी पुढच्या वर्षी शेतकरी पेरणीसाठी घेऊन जातो. म्हणजे व्यापाऱ्याने एका हंगामात केलेली लबाडी शेतकऱ्याच्या रानात वर्षानुवर्षे उगवत राहते. वाण बिघडतो तो असा. गावरानीसारखा शेकडो वर्षांत घडलेला वाण दहा-वीस वर्षांत नासून जाण्याचा धोका उभा राहिला.

ही तक्रार एकट्या मराठवाड्याची नव्हती. हिंदुस्थानभर कापसाचा दर्जा घसरत असल्याची ओरड गिरणीवाले करीत होते. सरकारने १९१७ मध्ये इंडियन कॉटन कमिटी नेमली, तिचा अहवाल १९१९ मध्ये आला, आणि त्याच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी ही कायम स्वरूपाची संस्था जन्मास आली. तिच्यात गिरणीमालक होते, कापसाचे व्यापारी होते, निरनिराळ्या प्रांतांच्या व संस्थानांच्या शेतकी खात्यांचे अधिकारी होते आणि थोडे शेतकऱ्यांचे प्रतिनिधीही होते. खर्चासाठी १९२३ मध्ये कायदा करून कापसावर पट्टी बसविण्यात आली. परदेशी जाणाऱ्या व देशातील गिरण्यांत खपणाऱ्या प्रत्येक ४०० पौंडी गाठीमागे आरंभी चार आणे आणि पुढे दोन आणे. दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा हिस्सा. गाठीच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य, पण लक्षावधी गाठींचे दोन-दोन आणे जमले म्हणजे त्यावर प्रयोगशाळा चालतात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात, नवे वाण निघतात. दानशूर शेठजीच्या मर्जीवर संशोधन न सोडता उद्योगाकडून नियमित वर्गणी घेऊन ते चालवावयाचे, ही कल्पना आमच्या मते या सबंध इतिहासातील सर्वात शहाणपणाची कल्पना होय. इंग्लंडातही त्याच सुमारास तेथील सूतगिरण्यांनी मँचेस्टरजवळ शर्ली इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था काढली होती. तिला देणगी देणाऱ्या गृहस्थाच्या मुलीचे नाव शर्ली, म्हणून संस्थेचे नाव शर्ली! आपल्याकडे कोणाच्या मुलीचे नाव देण्याचा प्रसंग आला नाही, कारण पैसा साऱ्यांचा होता.

कमिटीने १९२४ मध्ये मुंबईस माटुंगा येथे प्रयोगशाळा उघडली. तिची कामाची रीत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. शेतकी खात्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ एखादा नवा वाण निवडी, त्याची थोडीशी रुई माटुंग्याला पाठवी. तेथे धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजीत आणि प्रत्यक्ष सूत कातून पाहत. किती नंबराचे सूत निघेल याचा निकाल कळविला जाई. त्यामुळे शेतात काम करणाऱ्यास गिरणीला काय पाहिजे हे कळू लागले, आणि गिरणीवाल्यास शेतात काय पिकू शकते हे कळू लागले. आधी या दोघांमध्ये दलालांच्या रांगा उभ्या होत्या. ही प्रयोगशाळा आजही माटुंग्यास आहे आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कक्षेत काम करते. भेसळीला आळा घालण्यासाठीही कमिटीच्या आग्रहावरून कायदे झाले. १९२३ चा कापूस वाहतुकीचा कायदा हलका कापूस चांगल्या मुलखात आणण्यास बंदी करण्याचा अधिकार देई, तर १९२५ च्या कायद्याने जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांवर देखरेख आली.

हैदराबाद संस्थानही या कामात सामील होते. १९१८ हे वर्ष आपल्या भागाच्या दृष्टीने मोठे योगायोगाचे. त्या वर्षी हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, जेथे उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग झाला आणि मराठवाड्याच्या अनेक हुशार मुलांनी ज्याची वाट धरली. त्याच वर्षी परभणीस संस्थानच्या शेतकी खात्याचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. पहिल्याचे नाव सर्वतोमुखी आहे, दुसऱ्याचे फारसे कोणास ठाऊक नाही. परंतु कंधारच्या शेतकऱ्याच्या जीवनावर दोहोंपैकी कोणाचा परिणाम अधिक झाला, हे सांगणे कठीण आहे. कमिटीच्या साह्याने कापूस संशोधनाचे काम येथे पुढे सरकले आणि नासत चाललेल्या गावरानीतून शुद्ध, चांगल्या धाग्याची झाडे निवडून गावरानी-६ हा वाण तयार झाला. पुढे गावरानी-१२, गावरानी-२२ असे वाणही आले. हे सर्व सरळ वाण होते. त्यांची सरकी शेतकऱ्याने राखावी, शेजाऱ्यास द्यावी, पुन्हा पेरावी, त्यात कोणाची आडकाठी नव्हती.

याच दोन आण्यांतून आणखी एक काम झाले, जे कापसाच्या पलीकडे गेले आणि ज्याची कीर्ती जगभर पसरली. त्यासाठी आपल्याला नांदेडहून इंदूरला जावे लागेल. इंदूर म्हणजे होळकरांचे संस्थान, मराठी माणसाला परके नाही. तेथे १९२४ मध्ये कॉटन कमिटीच्या अनुदानातून आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांच्या वर्गणीतून इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली, होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, आणि प्रमुख म्हणून अल्बर्ट हॉवर्ड आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांचे संशोधन बरोबरीने चाले. आमच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की एकट्या कापसाकडे पाहून कापूस सुधारणार नाही. जमीन, जनावर, खत, पाणी आणि पीक हे एकच कुटुंब आहे, त्यातला एक सदस्य आजारी पडला की घराचे स्वास्थ्य बिघडते.

आता त्यांच्यापुढची अडचण पाहा. शेण चुलीत जळते, आणि पऱ्हाट्याही चुलीत जातात. मग जमिनीला परत काय मिळणार? हॉवर्ड यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी मिळून यावर जो मार्ग काढला तो पुढे इंदूर पद्धत म्हणून प्रसिद्ध झाला. पऱ्हाट्या, तुराट्या यांसारखा टणक कचरा प्रथम शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. बैलगाड्यांची चाके आणि जनावरांचे खूर यांनी तो आपोआप चिरडला जाई, त्यासाठी वेगळा मजूर लागत नसे. मग तो गोठ्यात गुरांखाली अंथरीत. गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, थोडे शेण आणि चुलीतली राख यांच्यासह तो थरावर थर असा खड्ड्यात रचीत, ओल ठेवीत, आणि ठराविक अंतराने तीनदा वरखाली करीत. सुमारे ९० दिवसांत काळेभोर, भुसभुशीत खत तयार! आपला उकिरडा वर्षभर उन्हापावसात पडून राहतो आणि त्यातला निम्मा जीव उडून जातो. त्याच वस्तूंतून तीन महिन्यांत उत्तम खत निघते हे इंदूरने दाखविले. हॉवर्ड आणि वाड यांच्या नावे १९३१ मध्ये या विषयावर इंग्रजी पुस्तक निघाले. गांधीजी १९३५ मध्ये इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था मुद्दाम पाहिली. पुढे इंग्लंड-अमेरिकेत ज्या सेंद्रिय शेतीचा गाजावाजा झाला, तिच्या प्रवर्तकांनी हॉवर्ड यांना गुरुस्थानी मानले. आज शहरातल्या दुकानात सेंद्रिय माल म्हणून जो दुप्पट भावाने विकला जातो, त्याच्या मुळाशी मुंबईच्या गिरण्यांचे दोन आणे आणि माळव्यातल्या बैलगाडीची चाके आहेत, हे कितीजणांस ठाऊक असेल?

इंदूरच्या याच संस्थेत विनायक गोविंद पानसे यांनी शेतीच्या प्रयोगांतील गणिताचा पाया घातला. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी शास्त्रज्ञांचे कृषी संख्याशास्त्रावरील पुस्तक १९५४ मध्ये आले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांतून पिढ्यांनी ते अभ्यासले. विद्यार्थ्यांनी यातून इतके घ्यावे की शेतीच्या कामाला नांगर धरणारे हात लागतात तसे गणित येणारे डोकेही लागते.

या पद्धतीत दोष नव्हते असे म्हणणे सत्याला सोडून होईल. कमिटीत शेतकऱ्याचा आवाज क्षीण होता. संशोधनाचा ओढा गिरणीला कोणता धागा हवा याकडे राही, शेतकऱ्याच्या घरात किती पैसा राहतो याकडे कमी. शिवाय पट्टी जरी गिरणीवाल्याकडून वसूल होत असे, तरी तिचा भार शेवटी कापसाच्या भावातून शेतकऱ्यावरच येत असणार, हे कोणीही समजू शकेल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या पैशातून जे ज्ञान निघाले ते कुलुपात गेले नाही. गावरानी-६ ची सरकी असो की इंदूरचे खत, पाहिजे त्याने शिकावे, पाहिजे त्याने वापरावे.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये परभणीस कृषी महाविद्यालय निघाले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. १९६६ मध्ये कॉटन कमिटी बरखास्त होऊन तिचे काम भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेले. १८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. (२०१३ पासून त्याचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असे आहे.) ते वर्ष भयंकर दुष्काळाचे होते, खडी केंद्रावर दगड फोडणारी माणसे आजही ते विसरली नाहीत. कोरडवाहू शेतीसाठी विद्यापीठ निघाले ते नेमके कोरड्या वर्षी. इकडे उस्मानशाही मिल १९७४ च्या कायद्याने देशातील इतर आजारी गिरण्यांबरोबर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे ती बंदच पडली. भोंगा थांबला, पण नांदेडचे कापूस संशोधन केंद्र विद्यापीठाच्या छत्राखाली चालू राहिले.

आता संकरित कापसाचे युग आले होते. गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. संकर म्हणजे दोन वेगवेगळ्या वाणांचे लग्न. मादी वाणाच्या उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर सायंकाळी नखाने खुडून काढावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे परागकण त्या फुलावर घासावयाचे. हे नाजूक काम बीजोत्पादनाच्या शेतांवर बहुतांशी बायका आणि मुलीच करीत आल्या आहेत. त्या मुली शाळेत नसून शेतात असत, ही या प्रगतीची काळी बाजू आहे आणि शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत तिचा उल्लेख न करणे बरे दिसणार नाही. संकरित बियाण्याचे पीक जोमदार येते, परंतु त्याची सरकी पुन्हा पेरली तर पहिला जोम राहत नाही. म्हणजे दरवर्षी नवे बी विकत घेणे आले. गावरानीच्या काळात जी सरकी घरच्या कणगीत असे, ती आता पाकिटात गेली.

नांदेडच्या केंद्राने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जो संकरित वाण दिला तो एनएचएच-४४, म्हणजेच आपल्या सर्वांचा नांदेड-४४. त्याची मादी बीएन-१ आणि नर एसी-७३८. हा वाण कोरडवाहू जमिनीसाठी जणू बेतूनच केलेला होता. तुडतुडे, मावा यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना तो बराच दाद देत नसे. पाऊस मध्येच गेला आणि पुन्हा आला, तर झाड नव्याने फुटून बहर धरी. त्यामुळे हलक्या रानातला शेतकरीही त्याच्यावर भरवसा ठेवी. मराठवाड्यात तर तो घरोघर पोहोचलाच, परंतु विदर्भात आणि शेजारच्या आंध्रातही त्याची लागवड पसरली. आपल्या जिल्ह्याच्या नावाचे बियाणे परमुलखातल्या माणसाने मागून घ्यावे, याचा अभिमान वाटल्यावाचून राहत नाही.

येथेही उद्योगाचा हात होताच. विद्यापीठ वाण शोधून काढू शकते, लाखो पाकिटे भरू शकत नाही. त्यासाठी कंपन्या लागतात. २८ एप्रिल १९७६ रोजी अकोल्यास महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, स्थापन झाले. ती कायद्याने कंपनीच, पण तिचे भागधारक सरकार, राष्ट्रीय बीज निगम आणि बीजोत्पादक शेतकरी. त्याआधीच, १९६४ मध्ये, जालन्यास बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी काढली होती. बारवाले यांनी सुरुवात केली ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दिलेल्या पुसा सावनी या भेंडीच्या बियाण्यापासून, आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळची रीत अशी की सरकारी संशोधक मूळ वाण तयार करीत आणि कंपन्या त्यांचे बी वाढवून विकीत. आपली खाजगी बियाणे कंपनी मोठी झाली ती पुष्कळ अंशी या सार्वजनिक भांडवलावर. बारवाले यांच्या कर्तबगारीला यामुळे उणेपणा येत नाही. उलट सार्वजनिक ज्ञान आणि उद्योजकाची धडाडी एकत्र आली म्हणजे काय होते याचा तो उत्तम दाखला आहे. मात्र नांदेड-४४ चे नर-मादी हे मूळ वाण विद्यापीठाच्या ताब्यात राहिले, हे विसरता कामा नये.

पुढे वारे फिरले. जीवाणूतील जनुक कपाशीत घालून बोंडअळीला मारक असे झाड तयार करण्याची विद्या अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीकडे होती. तिने महिकोशी भागीदारी केली, आणि मार्च २००२ मध्ये भारतात पहिल्या बीटी कपाशीच्या संकरित वाणांना परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीने त्यापूर्वी शेतकऱ्यांस पुरते नागविले होते, त्यामुळे आरंभी या बियाण्याने मोठा दिलासा दिला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत आरंभी सुमारे १६०० रुपये होती, आणि त्यातील मोठा वाटा जनुकाच्या मालकीहक्कापोटी जाई. २००६ मध्ये राज्य सरकारांच्या हस्तक्षेपानंतर ती ७५० रुपयांच्या घरात आली. १९२३ चे दोन आणे आणि हा मालकीहक्क, दोन्ही शेवटी शेतकऱ्याच्याच खिशातून जाणारे. एकातून सर्वांना उपयोगी पडणारी प्रयोगशाळा उभी राहिली, दुसऱ्यातून कंपनीची पुढची विद्या, आणि तीही तिच्याच मालकीची.

काही वर्षांतच देशातील बहुतेक कपाशी बीटी झाली. प्रत्येक कंपनीने जनुक परवान्याने घेऊन आपापल्या संकरित वाणात घातले. विद्यापीठाकडे उत्तम झाड होते, पण जनुक नव्हते. त्यामुळे नांदेड-४४ मागे पडला आणि हळूहळू दुकानांतून दिसेनासा झाला. बाजारातील अनेक बीटी वाण बोंडअळीस पुरून उरत, परंतु तुडतुड्यांपुढे ते हतबल होते. म्हणून एका किडीवरची फवारणी वाचली आणि दुसरीवरची वाढली. दर हंगामाच्या सुरुवातीस शेकडो नावांची पाकिटे मांडलेली असत, आणि कोणते नाव हलक्या जमिनीचे, कोणते बागायतीचे, हे सांगणारा दुकानदाराशिवाय कोणी नसे.

सरकारी संस्था स्वस्थ बसल्या होत्या असेही नाही. धारवाडचे कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि दिल्लीची संस्था यांनी मिळून बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक आणले. नांदेड-४४ ची मादी याच वाणातून आलेली, म्हणून बीटी नांदेड-४४ चीही तयारी झाली आणि २००९ मध्ये हे बियाणे शेतकऱ्यांपुढे आले. सार्वजनिक संस्थांचे, स्वस्त बीटी बियाणे आले म्हणून केवढी आशा निर्माण झाली होती! पण त्या बियाण्यात मोन्सॅन्टोचेच जनुक मिसळलेले असल्याचे आढळले आणि पहिल्याच हंगामानंतर ते मागे घ्यावे लागले. डॉ. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये यावर अहवाल दिला. शंभर वर्षांपूर्वी जिनिंगमधल्या भेसळीने गावरानी बिघडवला होता. आता भेसळ प्रयोगशाळेच्या पातळीवर झाली, आणि नुकसान पुन्हा शेतकऱ्याचेच.

त्यानंतर परभणीच्या विद्यापीठाने दुसरी वाट धरली. महाबीजशी करार करून, परवानगीने मिळालेले जनुक नांदेड-४४ मध्ये घालण्याचे काम हाती घेतले गेले, आणि २०१० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात नांदेड-४४ बीटी रूपात परत आला. विद्यापीठाचे झाड, महामंडळाची बीजोत्पादनाची यंत्रणा आणि खाजगी कंपनीचे जनुक, अशी ही तिहेरी भागीदारी. करार चांगलाच झाला, तुडतुड्यांना तोंड देणारा घरचा वाण पुन्हा मिळाला. परंतु उशीर फार झाला होता. तोपर्यंत शेंदरी बोंडअळीने त्या जनुकालाही जुमानणे सोडले होते. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात शेंदरी अळीने हाहाकार केला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. अळीने जनुकाला जुमानणे सोडले यामागे बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी न लावणे, पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभे ठेवणे अशी कारणे आहेत. पाकिटाबरोबर साध्या कपाशीची वेगळी पुडी येत असे, ती कित्येकांनी बांधावर फेकून दिली. पुडीवर लिहिलेले वाचून त्यामागचे कारण घरी समजावून सांगणारे मूल त्या घरात असते, तर ती सगळ्याच ठिकाणी फेकली गेली नसती असे आम्हांस वाटते.

कायद्याची बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. अमेरिकेने १९८० मध्ये कायदा करून विद्यापीठांना सरकारी पैशातून निघालेल्या शोधांचे पेटंट घेण्याची मुभा दिली, तेव्हापासून तेथील विद्यापीठे आणि कंपन्या यांचे व्यवहार पेटंटाभोवती फिरू लागले. आपल्याकडे २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने मधला मार्ग धरला. वाण तयार करणाऱ्याचा हक्क मान्य केला, पण शेतकऱ्यास आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापील नावाशिवाय विकण्याचाही हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. हक्क कागदावर आहे खरा, परंतु संकरित बियाण्यात राखण्यासारखे काही उरतच नाही, तेथे हक्काचा उपयोग काय?

म्हणूनच नांदेड आणि परभणी येथील सरळ वाणांच्या कामाकडे लक्ष दिले पाहिजे. परभणीने गावरानीच्या कुळातील देशी कापसात लांब धागा आणण्याचे काम वर्षानुवर्षे नेटाने चालविले. त्यातून निघालेला पीए-२५५ हा वाण परभणी तुराब या नावाने ओळखला जातो. देशी कापसाचा काटकपणा आणि गिरणीला हवा तो धागा एकाच झाडात आणण्याचा हा प्रयत्न, आणि माटुंग्याच्या प्रयोगशाळेने शंभर वर्षांपूर्वी जे मोजावयास घेतले तेच मोजमाप त्याच्या कामी आले. २०२३ मध्ये नांदेड केंद्राच्या एनएच-१९०१, एनएच-१९०२ आणि एनएच-१९०४ या तीन बीटी सरळ वाणांना मध्य भारतातील कापूस राज्यांसाठी मान्यता मिळाली. सरळ वाण असल्यामुळे ते ओळी जवळ घेऊन दाट लावता येतात, लवकर आटोपते घेता येतात, म्हणजे शेंदरी अळी वाढण्यापूर्वीच रान मोकळे होते. आणि त्यांची सरकी शेतकऱ्यास पुन्हा पेरता येते. आता हे बियाणे पुरेसे वाढवून गावोगाव पोहोचविण्याचे काम उरते, आणि त्यात खाजगी कंपन्यांना फारसा रस वाटण्याचे कारण नाही, कारण जे बी एकदा विकले की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येत नाही ते बी कोण आनंदाने विकील? ते महाबीजला, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना आणि गावातल्या बीजोत्पादकांनाच करावे लागेल. बीजोत्पादनासाठी शेताची नोंदणी करणे, शेजारच्या कपाशीपासून ठराविक अंतर राखणे, वेगळी दिसणारी झाडे उपटून काढणे, वेचलेला कापूस निराळा वटवून सरकी निराळी ठेवणे, एवढ्या गोष्टी कंधारच्या कोणत्याही लिहित्या-वाचत्या शेतकरी कुटुंबास करता येण्यासारख्या आहेत.